आयलाइस एक्स्टेंडेन्स

गोड्या पाण्यातील लाल माइट. युरोपातील डबकी व तळ्यांत ती आढळते. डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ ओ. एफ. म्यूलर यांनी १७७६ मध्ये हायड्रॅक्ना प्रजातीत तिची नोंद केली. आयलाइस ही प्रजाती फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १७९६ मध्ये स्थापली. आपल्याकडचा मखमली मृगाचा किडा हा तिचा जमिनीवरचा आप्त.

शरीर मऊ, फुगीर व काही मिमी. लांब असते. पोहताना पायांच्या पहिल्या तीन जोड्या चालतात. चौथीवर पोहण्याचे केस नसल्याने ती मागे नुसती ओढली जाते. एवढ्यावरून जिवंत नमुन्याची प्रजाती ओळखता येते, जातीसाठी मात्र सूक्ष्मदर्शक हवाच. डोळ्यांचे दोन संपुट मध्यरेषेजवळ असून चष्म्याच्या मधल्या दांडीसारख्या कायटिनी सेतूने जोडलेले असतात. जात ठरवण्यासाठी या सेतूचा आकार, मुखांग आणि स्पर्शपादांवरील काटे तपासतात. सेतूचा आकार एकाच जातीतही बदलतो, त्यामुळे केवळ त्यावरून पूर्वी केलेल्या काही जाती संशयास्पद वाटतात. जतन करताना अल्कोहोलमध्ये नमुना कडक होतो. म्हणून ग्लिसरीन, ॲसिटिक आम्ल व पाणी यांचे मिश्रण वापरतात.

डिंभ सहा पायांचे असून पाणकीटकांवर परजीवी म्हणून वाढतात. प्रौढ मात्र स्वतंत्र शिकारी असतात.