बाजरीतली अंडी

आमच्या वाई भागात फ्रीज यायच्या आधी अंडी टिकवायचं काम बायकांचं. मातीच्या घरात माजघराचा कोपरा सगळ्यात गार. तिथं दुरडीत राख नाहीतर बाजरी घालून अंडी ठेवायची. धुवायची मात्र नाहीत. घाण लागली तर कोरड्या फडक्यानं पुसायची. कवचावर जन्मजात पातळ थर असतो, तो पाण्यानं गेला की बारीक छिद्रांतनं घाण आत शिरते. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. पण अंड्याचा पैसा तिचा, मीठमिरची अन् आमची पाटी त्यातनंच यायची. एक नासलं तरी जीव हळहळायचा. शंकेचं अंडं ती पाण्यात सोडी. बुडून आडवं पडलं तर ताजं, तरंगलं तर शिळं. दिवस जातील तशी आतली हवेची पोकळी वाढते ना!

१९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, अन् पुढं पोल्ट्रीचं पांढरं अंडं ३० च्या ट्रेमधनं गावोगाव पोचलं. ते फ्रीजात तीन-चार आठवडे राहतं. सुनबाई दारातल्या खाचेत ठेवते, पण दार सारखं उघडतं. आतला कप्पा बरा. गार अंडं बाहेर काढून ठेवलं की त्याला घाम सुटतो, मग ते लवकर संपवावं.

खुडूक कोंबडीखाली घालायची अंडी आमच्याकडं अजून बाजरीतच असतात.