भिंतीवरची अक्षरं

आजचा विषय जरा अवघड आहे. जवळ लेकीसुना बसल्या असतील तर बसू द्या, त्यांनी ऐकू नये असं यात काही नाही.

माझ्या ओळखीची एक बाई आहे. तीन लेकरं, नवरा ऊसतोडीला. तांबी बसवली होती, ती कधी निसटली तिला कळलंच नाही आणि पुन्हा दिवस गेले. दुसरा महिना होता. तालुक्याला जाऊन मेडिकलमध्ये तिनं गोळी मागितली. दुकानदार म्हणाला, "बाई, हा गुन्हा आहे. जेलात जाशील." डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी दिली नाही हे त्यानं बरोबरच केलं, पण बोलला ते खोटं होतं. परत येताना एसटी थांब्यासमोरच्या भिंतीवर तिनं मोठी अक्षरं वाचली : भ्रूणहत्या महापाप. मग ती दवाखान्यात गेलीच नाही. घरी काय केलं ते मी सांगत नाही. आठ दिवस अंगावरून जात राहिलं, शेवटी शुद्ध हरपली तेव्हा भावजयीनं जीप करून नेलं. वाचली. नंतर मला म्हणाली, "ताई, मी देवाला भ्याले का पोलिसाला, माझं मलाच कळलं नाही."

तिच्यासारख्या बाईसाठी कायद्यात वाट होती, आणि ती आजची नाही, 1971 सालापासूनची आहे. मग ती वाट तिला दिसली का नाही? आपल्याकडे गर्भपाताबद्दल चारचौघांत कोण बोललं, कसं बोललं, हे बघितलं की थोडं उमगतं.

इंग्रजांनी 1860 साली दंड संहिता केली. तिच्यातल्या कलम 312 प्रमाणे गर्भपात करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पोटातली हालचाल जाणवू लागल्यावर केला तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा गुन्हेगार. सूट एकच, बाईचा जीव वाचवण्यासाठी केला असेल तर. 2024 साली जुनी संहिता गेली आणि न्याय संहिता आली. तिच्यातही हे कलम आहे, फक्त नंबर बदलून 88 झाला.

त्या काळात हा विषय निघायचा तो विधवेच्या निमित्तानं. पुण्यात काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा एका घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडायला औषधं दिली गेली, ती लागू पडली नाहीत. मूल झालं, ते तिनं मारलं, आणि तिला अंदमानला जन्मठेप झाली. शास्त्रीबुवांना काय झालं? काही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 साली आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशा बायांसाठी. पुढे 1874 साली दुसऱ्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तिचंही नाव काशीबाईच, म्हणून पुष्कळदा घोटाळा होतो. हाच मुलगा पुढे डॉक्टर यशवंत झाला.

मला यातली एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. फुल्यांनी त्या घराच्या जाहिराती छापून ब्राह्मण आळ्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यावर चिकटवल्या होत्या. त्याही भिंतीवरच्याच अक्षरांतून बाईला कळलं की अडलीस तर इथे ये, गुपचूप बाळंत हो. 1884 पर्यंत पस्तीस जणी तिथे येऊन बाळंत झाल्याचं जोतीरावांनी लिहून ठेवलं आहे.

1881 साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर असाच बालहत्येचा खटला चालला. आधी फाशी सुनावली, मग अपिलात शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चालचलणुकीवर टीका सुरू झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांनाच जाब विचारला. पोट एकटीनं वाढत नाही, मग दोष एकटीचा कसा? बाई स्वतः या वादात उतरली ती अशी, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं तिचा आवाज दबलेलाच राहिला.

1964 साली केंद्र सरकारनं एक समिती नेमली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. चोरून गर्भ पाडताना बायका मरतात हे समितीनं 1966 साली मांडलं आणि त्यातून 1971 चा कायदा आला, 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. तेव्हाची चर्चा काय, तर लोकसंख्या आणि डॉक्टर. बाईला काय हवं हा प्रश्न मधे कुठे आलाच नाही. म्हणून या कायद्यात निर्णय डॉक्टरच्या मताचा आहे. तरी तांबी किंवा निरोध फसला म्हणून दिवस गेले, हे कारण विवाहित बाईसाठी त्यात पहिल्यापासून लिहिलेलं आहे. तो कायदा मोर्चातून आला नाही, म्हणून गावात पोचलाही नाही असं मला वाटतं. जो पोचला तो दुसराच.

ऐंशीच्या दशकात गर्भजल तपासून मुलगी आहे का सांगायचा धंदा सुरू झाला. आत्ता पाचशे रुपये खर्च करा, नंतरचे पन्नास हजार वाचवा, अशा त्याच्या जाहिराती! मुंबईत 1985-86 च्या सुमारास स्त्री संघटनांनी याविरुद्ध मोहीम उघडली आणि 1988 साली महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा त्यावर कायदा केला. देशाचा कायदा 1994 चा. या बायांची मागणी नीट ऐका, मैत्रिणींनो : तपासणी बंद करा. गर्भपात बंद करा, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. पण घोषणेला सुटसुटीत शब्द लागतो. 'लिंगनिवड' जिभेवर बसत नाही, 'भ्रूणहत्या' बसतो. पुढे पुढे 'स्त्री' हा शब्दही गळाला आणि भिंतीवर नुसती हत्या उरली.

चिंता खरी होती, ते कुणी नाकारू नये. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागे 894 मुली निघाल्या, बीड जिल्ह्यात 807. 2012 मध्ये बीडचं, 2017 मध्ये सांगलीच्या म्हैसाळचं प्रकरण उघडकीस आलं. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या. गुन्हेगार पकडले गेले, चांगलंच झालं. पण कितीतरी मेडिकलवाल्यांनी नको ती कटकट म्हणून गोळ्या ठेवायच्याच सोडल्या. खरं तर सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसायला तीन-चार महिने लागतात. दोन महिन्यांची बाई मुलगी आहे म्हणून आलेली नसते, एवढा हिशेब तरी लोकांनी करायला हवा होता.

2021 साली कायदा सुधारला. साधन फसलं तर आता वीस आठवड्यांपर्यंत कुठल्याही बाईला, लग्न झालेलं असो नसो, मान्यताप्राप्त डॉक्टरकडे जाता येतं. बलात्कार झालेली, अल्पवयीन, मधेच विधवा झालेली, अशा काहीजणींना चोवीस आठवड्यांपर्यंत. बाई अठरा वर्षांवरची असेल तर सही फक्त तिची. नवऱ्याची नाही, सासूची नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

यंदा ती थांब्यासमोरची भिंत रंगवायची निघाली, तेव्हा सरपंचबाईंनी मजकूर आमच्या बचत गटाकडे मागितला. त्यावर एक अख्खी संध्याकाळ वाद झाला. एक आजी म्हणाल्या, पाप शब्द काढला तर धाक राहणार नाही. एक सून म्हणाली, धाकानंच तर ती मरत होती. शेवटी लिहिलं, गर्भात मुलगा की मुलगी हे तपासणं आणि सांगणं गुन्हा आहे. त्याखाली उपजिल्हा रुग्णालयाचा पत्ता आणि बाईंच्या डॉक्टरांचा वार. रंगारी म्हणाला, दुसऱ्या ओळीला जागा पुरत नाही. आम्ही म्हटलं, मग पहिलीची अक्षरं बारीक कर.