तळटीप १४ : ‘ताजच्या आवारातले दोन दगड’

१४. मकबऱ्याचा पांढरा संगमरवर आणि भोवतालची मशीद, ‘जवाब’ व दक्षिणेकडचा महादरवाजा यांचा तांबडा वालुकाश्म, असे दोन दगड येथे अभिप्रेत आहेत. वालुकाश्म आग्रा–फतेहपूर सिक्रीच्या टापूतला, विंध्य समूहातला. म्हणजे गाळाचा खडक. पाण्याखाली वाळूचे थर साचत गेले, दाबाने व खनिजांच्या लुकणाने घट्ट झाले. तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा. थर शाबूत असल्याने त्याच्या लांबरुंद फरश्या सहज निघतात. मात्र त्याच थरांवर ऊनपावसाने पापुद्रेही सुटतात.

संगमरवर राजस्थानातील मकराण्याचा. तोही मुळात गाळाचाच, चुनखडक. पण भूगर्भातील उष्णता व दाबामुळे न वितळताच त्यातील कॅल्साइटचे स्फटिक नव्याने वाढून एकमेकांत घट्ट गुंतले, जुने थर पुसट झाले. असा खडक तो रूपांतरित खडक. प्रकाश या स्फटिकांत थोडा आत शिरून परततो, म्हणून लेखकाला दिसलेली ती ‘आतून आलेली’ झळाळी.

लेखक पुढे संगमरवराला ‘वज्राचा’ म्हणतात, ते भरात. कठीणपणाच्या मोज मापनश्रेणीवर कॅल्साइट ३ वर, तर वालुकाश्मातील क्वार्ट्झचा कण ७ वर आहे. चाकूने ओरखडा उठतो तो संगमरवरावर. बारीक जाळीकाम साधते तेही त्यामुळेच. सह्याद्रीचा काळा पाषाण या दोन्ही जातींचा नव्हे. तो थिजलेला लाव्हा.