पोरंबोक : एका शब्दाची व एका चित्रगीताची हकीकत

सरकारी दप्तरात दिवस घालविणाऱ्या माणसास एक गोष्ट लवकरच कळून चुकते : जे वहीत नाही ते नाहीच. बदली होऊन चेन्नईस आल्यावर ज्या तमिळ शब्दांनी आम्हांस कोड्यात टाकले, त्यांत 'पोरंबोक्कु' हा एक होता. बाजारात तो शिवी म्हणून कानी पडे. निरुपयोगी, उनाड माणसास उद्देशून. महसुली कागदांत मात्र तोच शब्द अगदी निर्विकारपणे बसलेला! मद्रास इलाख्यातील रयतवारीत ज्या जमिनीवर सारा बसला नाही, म्हणजे तळी, ओढे, कुरणे, स्मशाने, ती हिशेबाबाहेरची पोरंबोक. आपल्याकडील गायरान हे तिचेच भावंड. सर्वांची म्हणून कोणाच्याच नावावर नसलेल्या या जमिनीचे नाव पुढे माणसास चिकटले.

ही शिवी २०१७ च्या जानेवारीत एका चित्रगीताच्या मथळ्यावर जाऊन बसली. 'चेन्नई पोरंबोक्कु पाडल'चे शब्द कबेर वासुकी या स्वतंत्र बाण्याच्या गीतकाराचे, चाल आर. के. श्रीरामकुमार यांची, दिग्दर्शन रतींद्रन प्रसाद यांचे आणि गायन टी. एम. कृष्णा यांचे. आनंदभैरवी, बेगडा, देवगांधारी अशा घरंदाज रागांची मालिका, आणि तीत भाषा चेन्नईच्या रस्त्यावरची! मराठी कानास येथे नाथांचे भारूड आठवावे हे स्वाभाविक आहे.

परंतु नवल एवढ्यावर संपत नाही. आज आपण जिला परंपरागत कर्नाटक मैफल म्हणतो, तिचा साचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अरियक्कुडी रामानुज अय्यंगारांच्या हातून रूढ झाला. १९२८ साली म्युझिक ॲकॅडमी स्थापन झाली. पुढे ध्वनिक्षेपक आला. सभागृह हे नुसते छप्पर नव्हे, ते एक माध्यमच आहे. काय गावे, किती वेळ गावे, कोणी ऐकावे, हे तेच ठरविते. मॅक्लुहानने १९६४ साली माध्यमासच संदेश मानले ते याच अर्थाने. २०१५ साली कृष्णा यांनी डिसेंबरच्या संगीतोत्सवात न गाण्याचे जाहीर केले, ते या माध्यमाशी भांडण होते असे आम्ही समजतो.

वॉल्टर बेंजामिनने १९३५-३६ च्या सुमारास म्हटले होते की यांत्रिक प्रतिकृतीमुळे कलाकृतीचे स्थानबद्ध तेज ओसरते, आणि मग ती विधीचा आधार सोडून राजकारणाचा धरते. उत्तरार्ध येथे तंतोतंत पटतो. पूर्वार्ध मात्र आम्हांस उलटा वाटतो. वातानुकूलित सभागृहातील गाण्यास स्थळ असे नसतेच. या चित्रगीतात स्थळ परत आले आहे. एण्णूरची खाडी, औष्णिक वीजकेंद्राची राख आणि तेथेच उघड्यावर चाललेले गायन. २०१५ च्या डिसेंबरात शहर बुडाले तेव्हा पाण्यास वाट देणाऱ्या अशा 'निरुपयोगी' जमिनींची किंमत कळली होती. गीताचा युक्तिवादही तोच आहे.

एक शंका मात्र उरते. हे गीत भ्रमणध्वनीवर पाहणारा बहुधा मैलापूरचा किंवा आमच्यासारखा पगारदार. कोळ्यास राखेची वार्ता चित्रपटातून कळावयास नको. एका रविवारी आम्ही एण्णूरला गेलो. किनाऱ्यावरील एका वृद्धाने आमच्या हातातील यंत्राकडे पाहिले, गाणे शेवटपर्यंत ऐकले, आणि विचारले, "यात आमची होडी कुठे आहे?" आम्ही पुन्हा सुरुवातीपासून लावले.