चौकटीतली चौकट: पडद्यावरच्या हद्दींचा इतिहास

आजचा विषय लढाईचा नाही, पण हद्दीचा नक्की आहे.

मोबाइलवर तुम्ही नकाशा उघडता, दोन बोटांनी तो फिरवता, मोठा करता. रस्ते कितीही लांब असोत, ते आपल्या चौकटीच्या कडेलाच थांबतात, शेजारच्या मजकुरावर चढत नाहीत. ही शिस्त आपोआप आलेली नाही. काही माणसांनी वीस-बावीस वर्षं खपून ती घडवली.

माझी नोकरीतली बरीच वर्षं नकाशासमोर गेली, म्हणून आधी आमच्या भाषेत सांगतो. सैन्यात जागा दोन रीतींनी सांगतात. एक ग्रिडची: पूर्वेचा आकडा आधी, उत्तरेचा नंतर, आणि तो सगळ्यांसाठी एकच. दुसरी रीत रणगाड्यातली. तिथे 'डावीकडे' म्हणजे रणगाड्याच्या तोंडाच्या डावीकडे. रणगाड्यावर बुरूज, बुरुजात तोफ. प्रत्येकाची दिशा त्याला वाहणाऱ्याच्या हिशेबानं मोजायची. ही झाली निर्देशांकांची उतरंड. हद्दीचंही तसंच. बटालियन कंपनीला इलाका नेमून देते, कंपनी कमांडर तो प्लाटूनमध्ये वाटतो. पण स्वतःला न मिळालेली जमीन तो प्लाटूनला देऊ शकत नाही. दिशा आणि हद्द या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्यांचाच आहे.

१९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या आयव्हन सदरलँड यांनी पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्राम लिहिला. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीनं चित्र काढायचं. त्यातली मोठी कल्पना अशी: आकृती एकदाच काढायची आणि तिच्या प्रती हव्या तिथे, हव्या त्या मापाच्या, हव्या तेवढ्या फिरवून ठेवायच्या. प्रतींचा गट केला की त्या गटाच्याही प्रती करता येत. एका षटकोनापासून अशी मोठी जाळी विणता येई. मग मूळ षटकोनाच्या जागी अर्धवर्तुळ टाकलं, की सारी जाळी माशाच्या खवल्यांसारखी दिसू लागे. आकृतीला आपण पानावर कुठे आहोत हे ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. तिला फक्त स्वतःचा आरंभबिंदू माहीत. ती कुठे बसवायची, हे तिला वापरणारा ठरवणार.

हेच सदरलँड १९६४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'आर्पा' संस्थेत संगणक संशोधनाच्या कचेरीचे प्रमुख झाले. तेव्हा ते सैन्यात लेफ्टनंट होते आणि वय होतं अवघं २६! पुढे हार्वर्डमध्ये विमानउड्डाणाच्या सिम्युलेटरचं काम चालू असताना डॅनी कोहेन आणि त्यांनी हद्दीचा प्रश्न हाती घेतला. त्यांची युक्ती कोणत्याही हवालदाराला पटेल अशी आहे. खिडकीच्या चारही कडा वाढवल्या की पानाचे नऊ चौक होतात, मधला चौक म्हणजे खिडकी. रेघेच्या प्रत्येक टोकाला चार खुणांचा एक संकेत द्यायचा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. दोन्ही टोकांच्या संकेतात एकही खूण नसेल, तर रेघ पूर्ण आत, ती तशीच रेखाटा. दोन्हींत एकच खूण सामाईक असेल, म्हणजे दोन्ही टोकं एकाच कडेच्या पलीकडे, तर रेघ सोडून द्या. उरलेल्या थोड्या रेघांपुरतीच छेद काढण्याची मेहनत. बहुतेक निकाल गणित न करता चौकीवरच लागतो.

ही काटछाट, म्हणजे क्लिपिंग, केवळ नीटनेटकेपणासाठी नव्हती. त्रिमितीय दृश्य पडद्यावर आणताना प्रत्येक बिंदूला त्याच्या अंतरानं भागावं लागतं. बिंदू डोळ्याच्या मागे असेल तर अंतर ऋण होतं आणि मागची वस्तू उलटी होऊन समोर दिसू लागते. वैमानिकाला मागे पडलेली धावपट्टी समोर दिसली, तर ते प्रशिक्षण काय कामाचं? म्हणून आधी छाटायचं, मग भागायचं. १९६८ मध्ये सदरलँड आणि रॉबर्ट स्प्राउल यांनी याच कामासाठी खास यंत्र मांडलं. त्याचं नावच होतं 'क्लिपिंग डिव्हायडर'.

आता दिशा आणि हद्द एका दोरीत ओवायची होती. ते काम जॉन वॉर्नॉक यांच्या हातून झालं. सदरलँड यांच्या कंपनीत असताना, १९७६ च्या सुमारास, न्यूयॉर्क बंदराच्या चित्रप्रणालीसाठी जॉन गॅफनी आणि ते एक भाषा घडवत होते. तिथली बीजं पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत वाढली. १९८२ मध्ये वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी अडोबी कंपनी काढली, आणि १९८४ मध्ये 'पोस्टस्क्रिप्ट' ही छपाईची भाषा बाजारात आली.

तिचे नियम पाहा. पानाचा आरंभबिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात, एकक इंचाचा ७२ वा भाग. अक्ष सरकवा, फिरवा, ताणा. प्रत्येक नवा हुकूम आधीच्या स्थितीवर चढतो. हद्द घातली की ती जुन्या हद्दीची जागा घेत नाही. दोन्हींचा सामाईक भाग तेवढा उरतो. म्हणजे हद्द आकसू शकते, रीतसर मार्गानं फैलावू शकत नाही. आणि काम सुरू करण्याआधी 'जीसेव्ह', संपल्यावर 'जीरिस्टोअर': चार्ज घेताना जशी जागा मिळाली, तशीच परत करायची.

पळवाट होती. 'इनिटक्लिप' हा हुकूम हद्द थेट साऱ्या पानाएवढी करतो. म्हणून दुसऱ्याच्या पानात बसवायच्या चित्रांसाठी, म्हणजे ईपीएस फाइलींसाठी, तो वापरू नये असा दंडक घातला गेला. पाहुण्यानं यजमानाच्या भिंती पाडू नयेत, एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्यांनी हे मानलं असं नाही. १९९२ च्या ओपनजीएलमध्ये अक्षांची उतरंड आहे, पण तिथली 'सिझर' चौकट अक्षांबरोबर फिरत नाही आणि नवी चौकट जुनीला पुसून टाकते. सामाईक भाग काढायचं काम प्रोग्रामरच्या गळ्यात. वेगासाठी केलेली ही तडजोड. पण विसराळू माणसाच्या हातात ती महाग पडते. २००४ मध्ये अॅपलनं आणलेल्या 'कॅनव्हास'मध्ये पुन्हा पोस्टस्क्रिप्टचीच रीत दिसते: जतन करा, हद्द आकसा, चित्र काढा, परत करा.

यात पणाला काय लागलंय, असं विचाराल तर विश्वास. बातमीच्या पानात परक्याची जाहिरात आपल्या चौकटीत बसते. तिला मधल्या मजकुरावर रंग फासता येत नाही, कारण तिची हद्द वरून आली आहे. खालच्याच्या चांगुलपणावर भिस्त न ठेवता वरच्यानं नियमच असा केला, की आगळीक करताच येऊ नये.

हे पुस्तक इंदूरला वाचा, बडोद्याला वाचा किंवा हैदराबादला. यातला प्रत्येक 'क्ष' आधी फाँटमधल्या स्वतःच्या छोट्या चौकटीत काढलेला आहे. ती चौकट ओळीत बसते, ओळ पानात, पान तुमच्या पडद्यात. त्या 'क्ष'ला तुमचं गाव माहीत नाही, पडद्याची लांबी-रुंदीही माहीत नाही. तरी तो नेमक्या जागी येऊन उभा राहतो.