किहीमात किहीमकर नाही

1986 सालची गोष्ट. गणपती नुकतेच गेले होते आणि पाऊस अजून रेंगाळत होता. सकाळच्या सॉर्टिंगला माझ्या गठ्ठ्यात एक निळा एअरोग्राम आला. तिकीट इस्रायलचं, पाठीमागे पाठवणाऱ्याचं गाव दिमोना. पत्ता इंग्रजीत, पण हस्ताक्षर एखाद्या मराठी शाळेत गिरवलेलं वाटावं असं गोल: किहीमकर कुटुंब, मुक्काम किहीम, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. कुलाब्याचा रायगड होऊन पाच वर्षं झाली होती. पण परदेशी गेलेल्यांच्या डोक्यात गाव सोडताना जे नाव असतं तेच राहतं, हे पोस्टात राहून मला कळलं होतं.

पाठीमागे पाठवणाऱ्याचं आडनावही किहीमकरच. म्हणजे एका किहीमकरानं दुसऱ्या कुठल्याही किहीमकराला लिहिलेलं पत्र.

किहीम माझ्याच बीटमध्ये होतं. थळ, नवगाव, किहीम, तिथून आवासच्या रस्त्याला थोडं आत. सायकलवर सात वर्षं काढली होती मी त्या गावात. पाटील, म्हात्रे, ठाकूर, नाईक यांची दारं पाठ होती. किहीमकर एकाही दारावर नव्हता. तरी ड्यूटी म्हणून पारावर विचारलं. एक म्हातारा हसून म्हणाला, "किहीमकर? अरे, आम्ही सगळेच किहीमकर की! त्यातला कुठला पायजे तुला?"

त्या वेळी मला तो विनोद वाटला. पुढे कळलं की आडनावाचं सगळं गणित त्याच वाक्यात होतं.

नियमाप्रमाणे 'या नावाचं कुणी गावात नाही' असा शेरा मारून पत्र परत धाडायचं. मी ते केलं नाही. संध्याकाळी अलिबागेत इस्राएल आळीतल्या एका आजींकडे गेलो. त्यांच्या पेन्शनची मनीऑर्डर मीच द्यायचो, त्यामुळे चहाचा हक्क होता. आळीत तेव्हा दिवेलागणीला उघडणारी दारं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. 'मागेन अबोथ' हे सिनेगॉग मात्र 1848 पासून तिथंच आहे. आम्ही आळीबाहेरचे लोक त्याला मशीद म्हणायचो आणि आजीही मशीदच म्हणायच्या. मुंबईतलं मशीद स्टेशनसुद्धा मुसलमानांच्या मशिदीवरून नाही, बेने इस्राएलांच्या जुन्या प्रार्थनालयावरून ओळखलं जातं, हे त्यांनीच मला सांगितलं. मी ते कितीजणांना सांगितलं असेल, पण पैज लावल्याशिवाय कुणी खरं मानत नाही.

आजींनी चष्मा लावून पत्र उलटसुलट पाहिलं. "अरे वेड्या," त्या म्हणाल्या, "किहीमात किहीमकर कसा सापडेल? गाव सोडलं तेव्हा तर तो किहीमकर झाला."

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावजवळ एक गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती नवगावातच पुरली. पुरुषांचा एक उंचवटा, बायकांचा दुसरा. तिथं आता स्मारकाचा स्तंभ आहे. गलबत नक्की कधी फुटलं यावर विद्वान भांडतात. आजी भांडत नसत. वाचलेले लोक खेडोपाडी पांगले, तेलाच्या घाण्यावर बसले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून त्यांना शनवार तेली हे नाव पडलं. मुलांची सुंता, खाण्याचे काही नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढं जवळ राहिलं. बाकी भाषा, लुगडं, बांगड्या, सगळं कोकणाचं.

हे आडनाव इतकं विरळ का, याचं उत्तर मला त्या घाण्यात दिसतं. एका खेड्याला घाणे लागतात किती? एक, फार तर दोन. तिसरा टाकला तर तिघंही उपाशी. त्यामुळे तेल्याची पोरं एका गावात वाढूच शकत नव्हती. एक भाऊ थळला, एक झिराडला, एक रेवदंड्याकडे. अशी शंभरावर गावं आणि प्रत्येकात चार-दोन घरं. पुढे या घरांना गावावरून आडनावं लागली तेव्हा आडनावंही शंभरावर झाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला मूठभर माणसं आली. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, नवगावकर, दिवेकर, राजपूरकर, झिराडकर. यांतली काही हिंदूंतही आहेत. दांडेकर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चित्पावन येतो, पण दांडेकर बेने इस्राएलही आहेत. किहीमकरच्या बाबतीत ती सोय नाही. हे आडनाव ऐकलं की जाणकार माणूस घर ओळखतो.

आडनावापेक्षा पहिली नावं जास्त बदलली. यहज्केलचा हसाजी, शमुवेलचा समाजी, मोशेचा मुसाजी, एलियाहूचा एलोजी. ही नावं हाक मारायला सोपी होती. शाळेतला पंतोजी आणि रस्त्यावरचा कोळी दोघांच्याही तोंडात बसायची. समाजी हसाजी दिवेकर हे त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं नाव. कंपनीच्या फौजेतला हा शिपाईगडी टिपूच्या लढाईत कैद झाला, सुटून आला आणि 1796 साली मुंबईत मांडवीला त्यानं बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. म्हणजे माझ्या पैजेची मशीद. इंग्रजी कागदावर तो सॅम्युएल ईझिकेल. तिथला सॅम्युएल स्ट्रीट त्याच्याच नावाचा. दिवेकर मात्र पाटीवरून गळला.

पुढच्या दीडशे वर्षांत हेच होत राहिलं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून कोकणातली घरं मुंबईला निघाली. पलटण, कारकुनी, सुतारकाम, गवंडीकाम, मग रेल्वे आणि इस्पितळं. गावाबाहेर पडल्यावरच 'कुठले?' हा प्रश्न येतो आणि त्याच्या उत्तराला 'कर' लागतो. पण मुंबईत इंग्रजी शाळा आली आणि रजिस्टरवर मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लिहून पान संपायचं. पुढच्या पिढीला तेच आडनाव. रूबेन, मोझेस, सॅमसन, ईझिकेल. 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा आठवतो? पडद्यावर नुसता डेव्हिड, घरचं नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलचा माणूस, पण हिंदी सिनेमाच्या प्रेक्षकाला चौल ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला विचाराल तर 'कर' गळला ते चुकलंच. बापाचं नाव कुणाचंही असू शकतं, गाव एकच असतं. पण हे एका पोस्टमनचं मत, आणि पोस्टमन गावाच्याच बाजूचा असणार.

किहीमकरांत एक माणूस असा निघाला की ज्यानं आडनाव टाकलं नाही. हाईम सॅम्युएल केहीमकर, जन्म 1830. ते 'के' लिहायचे. आज गावच्या पाटीवर 'कि' आहे, पण त्यांच्या आडनावात 'के' तसाच राहिलाय, मडक्याच्या तळाशी ताकाचा वास राहावा तसा. त्यांनी मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी 1875 साली शाळा काढली. नोकरी सांभाळून आपल्या लोकांचा सगळा इतिहास जमवत बसले: गलबत, घाणा, काजी, लग्नाच्या चाली, जुनी नावं, गावं. परंपरेनं तीन घराण्यांकडे काजीपण, म्हणजे समाजाचे धर्मविधी चालवण्याचं काम, होतं: झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. हे आपल्याला नीट कळतं ते त्यांच्यासारख्यांनी टिपून ठेवलं म्हणून. त्यांच्या मते हे लोक इ. स. पूर्व 175च्या सुमारास, अँटिओकस राजाच्या छळाला कंटाळून निघाले. ते पटो न पटो. पुस्तक 1897 साली पुरं झालं आणि छापून झालं 1937 साली, तेही तेल अवीवला. मला याचं फार नवल वाटतं. इस्रायल हा देश व्हायला अजून अकरा वर्षं होती. माणसांच्या आधी पुस्तक जाऊन बसलं.

मराठीची गोष्ट काढली की आजी आतून एक जाड बाड आणायच्या. त्यात कुठल्यातरी जुन्या पानांच्या नकला होत्या. 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादाची म्हणजे वल्हांडणाच्या पोथीची चित्रं त्यांनी मला दाखवली. एकीकडे हिब्रू, दुसरीकडे मराठी. प्रसिद्ध करणारे दोघे तळकर. एका चित्रात बायका उकिडव्या बसून मात्सा म्हणजे बेखमिराची भाकरी करतायत. अंगावर साड्या, केसांचा अंबाडा, अगदी आपल्या अंगणात पापड लाटायला बसाव्यात तशा. मिसर देशातून सुटका झाल्याची कथा, आणि लाटणी पुण्याची.

1947च्या सुमारास बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. 1948 नंतर कुटुंबंच्या कुटुंबं निघाली. मुंबईत थांबलेली आडनावं थेट लोद, रामले, बीरशेबा, अश्दोद, दिमोना अशा गावांत जाऊन पडली. दिमोना म्हणजे नेगेवचं वाळवंट. नारळाच्या वाडीत नाव कमावलेला किहीमकर तिथं. सगळं सुरळीत झालं नाही. काहीजण हट्टानं धरणं धरून 1952 साली माघारीही आले. दहाएक वर्षांनी तिथल्या धर्मपीठानं शंका काढली की हे लोक पक्के ज्यू आहेत की नाहीत, आणि लग्न लावण्याआधी यांच्या आईची, आजीची, पणजीची चौकशी व्हावी. 1964च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये या लोकांनी धरणं धरलं आणि अखेर तिथल्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. 'कर' असलेलं आडनाव त्या काळात दोन्ही बाजूंनी लागायचं. खिडकीतल्या कारकुनाला त्यावरून लगेच कळायचं की हा कुठला, आणि आपण कुणाचे हे दाखवायलाही तेच एक नाव हाती असायचं. शिवाय हिब्रूत स्वर लिहीत नाहीत. किहीमकर तिथं कसकसा वाचला जात असेल याची मी पोस्टात बसून गंमत करायचो.

आजींचा अंदाजही त्या लग्नाआधीच्या चौकशीचाच होता. "कुणाच्या तरी पोराचं लग्न असेल. पणजीचं गाव विचारतायत," त्या म्हणाल्या. एअरोग्राम त्यांनी उजेडात धरला. मी हात पुढे केला तेव्हा हसून परत दिला.

आडनाव इथून अगदीच पुसलं गेलं असंही नाही. भारतातल्या फुलपाखरांवर ज्यांचं जाडजूड पुस्तक आहे ते आयझॅक किहीमकर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत होते. त्याच सोसायटीच्या सलीम अलींनी 1930च्या सुमारास सुगरणीची घरटी बघत मुक्काम केला तो किहीमलाच. बाभळीवर लोंबणारी ती घरटी मी सायकल उभी करून कितीदा पाहिलीत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं नाही, पण माझ्या बीटमध्ये घडल्यात म्हणून नोंदवतो.

तर पत्र. आजींना एक किहीमकर ठाऊक होते, ठाण्यात, सिनेगॉगच्या मागच्या बाजूला. नात्यातले नव्हते, पण मलिद्याला भेटायचे. मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं, फळं असं ताट करून एलियाहू हन्नाबीच्या नावानं म्हणायची प्रार्थना. त्या संदेष्ट्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर उमटलीय असं हे लोक मानतात आणि इस्रायलहून आलेली नातवंडंही तिथं जाऊन येतात. आजींनी पत्ता सांगितला, मी एअरोग्रामवर लाल शाईनं किहीम खोडलं, ठाणं लिहिलं आणि थैलीत टाकलं.

दिवाळीनंतर ते पुन्हा माझ्या गठ्ठ्यात. खरं तर परस्पर पाठवणाऱ्याकडे जायला हवं होतं, पण कुणाच्या तरी हातून चुकून अलिबागच्याच थैलीत पडलं. ठाण्याच्या पोस्टमननं कोपऱ्यात शेरा मारला होता: 'लेफ्ट.' त्याखाली, बहुधा शेजाऱ्यानं सांगितल्यावरून, मराठीत एक ओळ: 'इसम सहकुटुंब इस्रायलला गेले, गाव दिमोना.'

मी पत्र घेऊन पुन्हा आळीत गेलो. आजींनी शेरा दोनदा वाचला, पाठीमागचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला आणि पदराला डोळे पुसत इतक्या हसल्या की चहा उतू गेला. "टाक परत," म्हणाल्या. "एका आळीत असतील दोघं. आपण तिकिटाचे पैसे वाचवले असते."

मी बोट दाखवणाऱ्या हाताचा शिक्का मारला, 'पाठवणाऱ्यास परत,' आणि थैलीचं तोंड बांधलं.