पटावरचे सतरावे शतक : कल्पित युद्धाचा रूपबंध

१

इतिहास घडलेले सांगतो आणि काव्य घडू शकेल ते सांगते, हा ॲरिस्टॉटलचा भेद साहित्यमीमांसेत इतका रुळला आहे की, या दोहोंच्या सीमारेषेवर उभे असलेले काही कथनप्रकार समीक्षेच्या नजरेतून सहज निसटतात. टेबलावर मांडलेल्या शिशाच्या वा प्लॅस्टिकच्या छोट्या सैनिकांनिशी खेळले जाणारे युद्ध हा असाच एक प्रकार होय. त्यातही विशेष लक्षणीय आहे ते कल्पित राज्यांमधील युद्ध. येथे परस्परांशी लढणारी संस्थाने, त्यांचे अधिपती, नद्या आणि शहरे यांपैकी काहीही कोणत्याही नकाशावर नसते. परंतु भालाइतांचे चौकोन, तोड्याच्या बंदुका, निशाणे आणि पोशाख हे सारे सतराव्या शतकाच्या युरोपातून शक्य तितक्या काटेकोरपणे घेतलेले असते. तपशील इतिहासाचा आणि कथानक कल्पनेचे, अशी ही विभागणी आहे. ऐतिहासिक कादंबरीशी तिचे साम्य उघड आहे. पण कादंबरीकार शेवट आपल्या हाती ठेवतो, तर येथे तो फाशांच्या स्वाधीन केलेला असतो.

बाह्यतः हा प्रौढांचा एक निरुपद्रवी छंद वाटतो. मात्र त्याची पूर्वपीठिका इंग्रजी कथनपर गद्याच्या इतिहासाशी निकटपणे गुंतलेली आहे, आणि कथनाचा घाट काय दाखवू देतो व काय झाकून ठेवतो, हा समीक्षेचा मूलभूत प्रश्नही तीतून उभा राहतो.

२

लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ (१७५९-६७) या कादंबरीतील टोबीकाका हा या खेळाचा वाङ्मयातील एक आद्य खेळाडू म्हणता येईल. १६९५ मधील नामूरच्या वेढ्यात त्याच्या जांघेला जखम होते. अंथरुणावर पडल्या पडल्या तो भेटीस येणाऱ्यांना आपण नेमके कोठे जखमी झालो ते सांगू पाहतो. परंतु खंदक, तट, बुरूज यांच्या पारिभाषिक गुंत्यात त्याचे कथन अडखळते. शब्द अपुरे पडतात म्हणून तो नकाशा मागवतो. नकाशानेही भागत नाही, तेव्हा कॉर्पोरल ट्रिमच्या सूचनेवरून गावाकडच्या हिरवळीवर मातीच्या तटबंद्या उभ्या राहतात. शब्दाकडून नकाशाकडे आणि नकाशाकडून प्रतिकृतीकडे होणारा हा प्रवास ध्यानात घेण्याजोगा आहे. लघुरूप युद्ध येथे जन्मते ते करमणुकीच्या हौसेतून नव्हे, तर अनुभव सांगता न येण्याच्या अडचणीतून.

पुढे हा खेळ वर्तमानपत्रांशी जोडला जातो. मार्लबरोच्या सैन्याने एखाद्या शहराला वेढा घातल्याची बातमी आली की, हिरवळीवरही तोच वेढा पडतो. टोबीकाकांचे खेळण्यातले एकच गाव आज एक शहर होते, तर उद्या दुसरे. तरीही टोबीकाका लेखक नाही, तो नकलाकार आहे. शेवट काय व्हायचा ते बातमीपत्र ठरवते. म्हणूनच १७१३ चा युट्रेक्टचा तह त्याच्या दृष्टीने आपत्ती ठरतो. युद्ध संपले की कथनही संपते.

या निरागस खेळाची किंमत स्टर्नने दोन तपशिलांतून सुचवली आहे. ट्रिम ज्या जुन्या बुटांच्या उखळी तोफा करतो, ते शँडी घराण्यातल्या पूर्वजाने मार्स्टन मूरच्या लढाईत, म्हणजे १६४४ मध्ये, घातलेले असतात. पूर्वजाचा युद्धानुभव असा खेळण्याचे साहित्य बनतो. दुसरा तपशील अधिक बोचरा आहे. तोफांसाठी शिसे हवे म्हणून ट्रिम बाळाच्या खोलीतील सरकत्या खिडकीची वजने काढून नेतो; परिणामी खिडकी कोसळते आणि बालक ट्रिस्ट्रमला इजा होते. खेळातील शिसे कोठून तरी आलेले असते, आणि त्याचा भार खेळाबाहेरच्या कोणावर तरी पडतो. या तपशिलाकडे पुन्हा यावे लागेल.

३

नकलेकडून निर्मितीकडे जाण्याचा टप्पा ब्राँटे भावंडांच्या घरी दिसतो. जून १८२६ मध्ये पॅट्रिक ब्राँटे यांनी ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले. शार्लटने आपल्या शिपायाला वेलिंग्टन केले, ब्रॅनवेलने आपल्याला बोनापार्ट. आणि या बाहुल्यांतून प्रथम ‘ग्लास टाउन’ व नंतर अँग्रिया ही कल्पित राज्ये उदयास आली. त्यांचा इतिहास, त्यांची नियतकालिके, त्यांचे राजकारण हे सारे इवल्या हस्तलिखित पुस्तकांत नोंदले गेले. एमिली आणि ॲन यांनी गोंडाल हे वेगळे बेट रचले. येथे शिपाई हे कथेचे चित्रण उरत नाही. ते कथेचे कारण होते. मात्र या कल्पित राज्याची भूमी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, आणि ती तेथील अशांती लोकांना जिंकून मिळवलेली आहे. कल्पना मोकळी असली तरी तिचा भूगोल साम्राज्याने आखून दिलेला होता.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८० नंतरच्या हिवाळ्यांत दाव्होस येथे सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न याच्यासह माळ्याच्या जमिनीवर खडूने नकाशा काढून असेच युद्ध चालवले. ऑस्बर्नने १८९८ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ग्लेन्डारूल, यालोबेली अशी नावे धारण करणारे हे युद्ध वर्तमानपत्री बातम्यांच्या रूपातही लिहिले गेले. टोबीकाका बातमी वाचून लढाई मांडत असे. स्टीव्हन्सन लढाई मांडून बातमी लिहितो. लेखक आणि घटना यांचा संबंध उलटला आहे.

याच्या समांतर एक दुसरी, लष्करी परंपरा चालत आली होती. ब्रन्सविकच्या हेल्विगने १७८० मध्ये बुद्धिबळाच्या पटाचा विस्तार करून युद्धखेळ रचला. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी चौकटी सोडून भूप्रदेश आणला. १८२४ च्या नियमावलीत नकाशा, फासे आणि पंच हे तिन्ही घटक होते. बुद्धिबळात दैवाला स्थान नाही. राइसविट्झांच्या खेळात ते गणिताच्या रूपाने प्रवेशले. एच. जी. वेल्सने मात्र ‘लिट्ल वॉर्स’ (१९१३) मध्ये हा खेळ पुन्हा घराच्या जमिनीवर आणला. त्याच्या खेळात खेळण्यातल्या तोफेने उडवलेली गोळी ज्या शिपायाला पाडील तो मेला, असा सरळ हिशेब होता. आपल्या लढाईचा वृत्तान्त तो एका बढाईखोर सेनापतीच्या आवाजात सांगतो. अर्थात ते युद्धस्मरणिकांचे विडंबन आहे. छोट्या युद्धाचा अनुभव घेणाऱ्यास मोठ्या युद्धाचा मूर्खपणा कळावा, असा त्याचा युक्तिवाद होता. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले.

४

आधुनिक कल्पित युद्धाची चौकट दुसऱ्या महायुद्धानंतर स्थिरावली. पीटर यंग आणि जे. पी. लॉफर्ड यांचे ‘चार्ज!’ (१९६७) आणि चार्ल्स ग्रँट यांचे ‘द वॉर गेम’ (१९७१) ही या परंपरेची प्रमुख पुस्तके. त्यांतील कल्पित सैन्ये अठराव्या शतकातील आहेत. हाच संकेत खेळाडूंनी पुढे सतराव्या शतकासही लावला. यंगचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तो प्रत्यक्ष युद्धात कमांडो म्हणून लढलेला ब्रिगेडियर होता. सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात इतिहास शिकवणारा आणि १६४२ च्या एजहिलच्या लढाईवर ग्रंथ लिहिणारा अभ्यासक होता. ज्याला घडलेला इतिहास इतका ठाऊक होता, त्याला न घडलेल्या लढायांची गरज का वाटावी?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासकथनाच्या स्वरूपात शोधता येते. झालेल्या लढाईचे वर्णन शेवट ठाऊक असलेल्याने केलेले असते, आणि त्यामुळे प्रत्येक हालचाल त्या शेवटाकडे निघालेली भासते. नोव्हेंबर १६३२ मध्ये ल्यूत्सेन येथे स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ धुक्यात आपल्या सैन्यापासून अलग पडून मारला गेला. इतिहासग्रंथात हे वाक्य कारणपरंपरेचा एक दुवा होते. त्या दिवशी मात्र ते निव्वळ अपघात होते. खरी लढाई पटावर मांडली की, ल्यूत्सेनचा खेळाडू राजाला आघाडीवर पाठवीतच नाही, कारण त्याने पुस्तक वाचलेले असते. कल्पित राज्याच्या राजाबद्दल असे पुस्तक नाही. अनिश्चितता तेथेच शाबूत राहते. इतिहास लिहिताना जी यादृच्छिकता नाहीशी होते, ती परत मिळवण्याचा हा मार्ग आहे.

सतरावे शतक यासाठी विशेष सोयीचे ठरते. भालाइतांचे संथ ठोकळे, बंदूक भरण्यास लागणारा वेळ, घोडदळाची बेभरवशाची चढाई यांमुळे त्या काळातील लढाईत सेनापतीचा हुकूम आणि प्रत्यक्ष घटना यांत मोठे अंतर असे. फासे या अंतराचेच चिन्ह आहेत. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर या खेळाचे सारे चिन्हशास्त्र लक्षणेवर उभे आहे. एक बाहुली म्हणजे एक सैनिक नव्हे. अनेक नियमावल्यांत ती वीस वा अधिक सैनिकांच्या ऐवजी उभी असते. बाहुली उचलली की वीस माणसे मेली. वाच्यार्थ बाधित होतो आणि लक्ष्यार्थ पुढे येतो; पण तो लक्ष्यार्थ म्हणजे एक संख्या असते.

५

येथे या रूपबंधाची मर्यादा उघड होते. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८-४८) लढायांत मेलेल्यांपेक्षा रोगराई, उपासमार आणि लूट यांनी मेलेले अधिक होते. मे १६३१ मध्ये माग्डेबुर्ग शहर पडले, तेव्हा सुमारे २०,००० माणसे मृत्युमुखी पडली. सैन्ये मुलखावर पोसली जात. गाव हेच त्यांचे कोठार होते. कल्पित मोहिमेच्या नकाशातही गावे असतात, पण ती रसद आणि महसूल यांचे आकडे म्हणून. तेथे बाहुली आहे ती केवळ सैनिकाची. कल्पित शतकात ल्यूत्सेनसारखी लढाई घडू शकते, माग्डेबुर्ग घडू शकत नाही. कारण त्यासाठी नियमच नाही. ट्रिमने काढून नेलेली खिडकीची वजने हीच.

हा दोष लघुरूपाचा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. झाक कालोच्या १६३३ मधील युद्धविषयक चित्रमालिकेतील माणसे बाहुल्यांहूनही इवली आहेत. तरी झाडाला टांगलेले लुटारू शिपाई, जळती घरे आणि सैनिकांवर सूड उगवणारे शेतकरी त्या अठरा चित्रांत आहेत. ग्रिमेल्सहाउझेननेही ‘सिम्प्लिसिसिमुस’ (१६६८) मध्ये शेतकऱ्याच्या घराची लूट काहीही न समजणाऱ्या मुलाच्या नजरेतून दाखवली. आकार लहान असो वा दृष्टी, दुःखाला त्यात जागा असू शकते. प्रश्न आहे तो कोणाची बाहुली करायची, याचा.

मराठी वाचकाला या संदर्भात दिवाळीचा किल्ला आठवणे स्वाभाविक आहे. तोही सतराव्या शतकाचेच लघुरूप आहे. त्यात सिंहासनावर महाराज असतात, बुरुजांवर मावळे असतात, आणि पायथ्याशी औत धरणारा शेतकरी, पाण्याला निघालेली बाई, बाजार, विहीर, गुहेतला वाघही असतो. बहुधा तो नकाशावरचा कोणताही विशिष्ट गड नसतो. मात्र त्याला प्रतिपक्ष नाही, फासे नाहीत. तो शेवट ठाऊक असलेल्या कथेचे दृश्य आहे. युरोपीय पटावर युद्ध आहे आणि रयत नाही. किल्ल्यावर रयत आहे आणि युद्ध थांबलेले आहे. पहिल्यात अनिश्चितता शाबूत राहते आणि माणसे गळतात. दुसऱ्यात माणसे राहतात आणि इतिहासाची अनिश्चितता गळते.

या दोन उणिवा पटापुरत्या मर्यादित नाहीत. शेवट आधीच ठरवून लिहिलेली ऐतिहासिक कादंबरी आणि रयतेला पार्श्वभूमीत ढकलणारे लढायांचे कथन, या दोहोंशी मराठी वाचकाचा परिचय जुना आहे. घडू शकेल ते सांगण्याचा अधिकार ॲरिस्टॉटलने काव्याला दिला, पण कोणाच्या बाबतीत घडू शकेल, हे त्या सूत्रात अध्याहृतच राहिले. कल्पित युद्धाची नियमावली वाचताना हे अध्याहृत स्थान उघडे पडते, कारण तेथे प्रत्येक गोष्ट लेखी नियमाने अस्तित्वात येते आणि जिला नियम नाही ती नसतेच. कादंबरीच्या नियमावल्या छापलेल्या नसतात. त्या शोधून काढण्याचे काम समीक्षेकडे येते.